आमची वाटचाल : सत्तावीस शॉट

१९९१ साली भोसरी एमआयडीसीत भाड्याची पत्र्याची शेड, दोन हँड प्रेस आणि लिलावात घेतलेली जुनी मिक्सिंग मिल, एवढ्यावर आम्ही रबर मोल्डिंग सुरू केलं. पहिल्या दिवसापासून लाइन एकच धरली : रबर-टू-मेटल माउंट, म्हणजे धातूच्या प्लेटला चिकटवलेली, हादरे शोषणारी रबराची बैठक. त्या मिलचे रोल आजही आमच्याकडे आहेत. तीन वेळा ग्राइंड करून घेतले, विकले मात्र नाहीत.

पहिली ऑर्डर दिली काकांनी. त्यांचा भोसरीतच जनरेटर जोडायचा छोटा कारखाना. चाळीस नग हवे होते आणि पैसे त्यांनी आगाऊ दिले. "अरे, माल चांगला दे, बाकी मी बघतो," एवढंच म्हणाले. आजही त्यांचे माउंट आमच्याकडूनच जातात. मधल्या काळात त्यांनी एकदाही दुसरीकडून कोटेशन मागवलं नाही.

२००६ पर्यंतची वर्षं बरी गेली. गोष्ट २००६ चीच आहे.

एका मोठ्या कंपनीचा इंजिन माउंट आमच्याकडे होता. धंद्याचा सत्तर टक्के भाग त्या एका पार्टवर. नॅचरल रबर, सल्फर क्युअर (गंधक घालून, तापवून पक्कं करणं), शोअर ६० (रबराचा कडकपणा), पुल टेस्टला (ओढून तोडायच्या चाचणीला) किमान ३५० किलो. त्या वर्षी लोडशेडिंगने जीव नकोसा केला होता. गुरुवारची सुट्टी धरूनही बाकीच्या दिवशी वीज कधी जाईल याचा भरवसा नव्हता. साचा गार व्हायचा आणि एखादी लॉट कच्ची निघायची. तक्रार आली तेव्हा आम्ही आमच्या परीने ट्रायल घेतल्या. तापमान तेच ठेवून क्युअरिंगचा वेळ वाढवला, बाँड (रबराची धातूवरची पकड) सुधारला. वेळ कमी ठेवून तापमान वाढवलं, तरी सुधारला. मग आम्ही सरळ हिशोब केला की दोन्ही वाढवले तर माल सर्वांत पक्का होईल. तापमानाचा कंट्रोलर १७८ अंशांवर नेला आणि वेळ १४ मिनिटं ठेवला.

तीन आठवड्यांत चार हजार नग परत आले.

ते नग मी स्वतः हातात घेतले होते. अंगठा दाबला की वरचा थर किंचित चिकटायचा, आणि कडकपणा मोजणारा ड्युरोमीटर ६० ऐवजी ५४-५५ दाखवायचा. कंपनीने बाहेरून एक तज्ज्ञ आणला. त्याने आमचं महिन्याचं रजिस्टर मागवलं. आधी तापमानाप्रमाणे गट करून तपासलं, मग वेळेप्रमाणे. दोन्ही वेळा फरक नगण्य. पुढे त्याने लेखी दिलं की प्रोसेसचा दोष नाही, कंपाउंडमध्ये (रबराच्या मिश्रणात) रिक्लेम रबर, म्हणजे जुन्या मालातून काढलेलं रबर, आणि जादा तेल आहे.

म्हणजे भेसळ. पंधरा वर्षं ज्याने केरळच्या शीटशिवाय दुसरा माल मिलवर टाकला नाही, त्याच्यावर भेसळीचा शिक्का बसला. साचा कंपनीचाच होता. पंधरा दिवसांत साचा परत करायचं पत्र आलं, पुढे पेमेंटही अडकलं. बावीस माणसांचा पगार मी बायकोचे दागिने गहाण ठेवून केला. हे इथे लिहिलं पाहिजे, कारण तेव्हा कुणी विचारलं नाही.

काकांनी मला एरंडवण्यातल्या एका सरांकडे नेलं. सर संख्याशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. पुणे विद्यापीठात १९५३ साली सुरू झालेल्या संख्याशास्त्र विभागात हुजूरबाजार सरांच्या हाताखाली शिकलेले. रबर त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "तापमान बदललं की वेळेचा परिणाम तोच राहतो का, हे तुम्ही कधी तपासलंत?"

नव्हतं तपासलं. त्या तज्ज्ञानेही नव्हतं तपासलं.

मग ठरलं : तीन तापमानं, १५०, १६० आणि १७०. वेळही तीन प्रकारची : ६, १० आणि १४ मिनिटं. नऊ जोड्या, प्रत्येक तीनदा, म्हणजे सत्तावीस शॉट (शॉट म्हणजे साचा एकदा भरून माल काढणं). कंपाउंड एकाच बॅचचं, मेटल प्लेट एकाच वेळी शॉट ब्लास्ट केलेल्या (छर्रे मारून साफ केलेल्या). मी म्हटलं, साचा चार कॅव्हिटीचा आहे, म्हणजे एका वेळी चार नग निघतात, नऊ शॉटमध्ये काम होईल. सर म्हणाले, "एका शॉटमधले चार नग म्हणजे चार प्रयोग नव्हेत. साचा त्या दिवशी दोन अंशांनी गार असेल तर चारही नग एकदमच चुकतील." प्रत्येक शॉटमधून ठरलेल्या एकाच कॅव्हिटीचा नग घ्यायचा, असा नियम झाला. ही चूक आजही अर्ध्या भोसरीत होते. एका शॉटचे नग वेगवेगळे मोजतात आणि फरक सिद्ध झाला म्हणून रिपोर्ट देतात.

दुसरी शिस्त चिठ्ठ्यांची. सत्तावीस चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात टाकल्या, जी निघेल तो शॉट. लागोपाठ तेच तापमान निघालं तरी हीटर बंद करायचा, साचा उतरू द्यायचा आणि पुन्हा चढवायचा. आमचा ऑपरेटर वैतागला. सकाळी सगळे १५० चे आणि संध्याकाळी सगळे १७० चे घेतले असते तर दोन दिवसांत काम झालं असतं. पण मग फरक तापमानाचा की दमलेल्या हाताचा, हे कोण सांगणार? दिवसाला तीन शॉट, नऊ दिवस. वीज गेली की तो शॉट बाद. तो पुन्हा घ्यायचा.

तिसरी गोष्ट मी स्वतः शोधली, त्याचा मला अभिमान आहे. प्लेटनमधल्या (प्रेसच्या तापणाऱ्या पाटीतल्या) थर्मोकपलवर, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारेवर, माझा विश्वास नव्हता. पृष्ठभागाला टेकवून तापमान मोजणारा पायरोमीटर उसना आणला. कंट्रोलर १७८ दाखवत असताना कॅव्हिटीत १७० भरले. प्लेटन आणि कॅव्हिटीत आठ अंशांचा फरक! सत्तावीसच्या सत्तावीस शॉटला आम्ही कॅव्हिटीत मोजलं, तिथेच लिहिलं.

एक नग पुल टेस्टला ग्रिपमधून निसटला. मी म्हटलं, सव्वीसवर भागवू. सरांनी ऐकलं नाही. प्रत्येक खान्यात (तापमान-वेळेच्या प्रत्येक जोडीत) सारखे नग असले तरच तापमानाची, वेळेची आणि दोघांची मिळून अशा बेरजा स्वच्छ वेगळ्या होतात. नाहीतर एकाचा वाटा दुसऱ्यात शिरतो. शॉट पुन्हा घेतला.

सरासरी आली ती अशी. १५० ला ६ मिनिटांत ३१० किलो, १० ला ३९०, १४ ला ४४०. १६० ला तेच आकडे ४००, ४४०, ३९०. आणि १७० ला ४३०, ३७०, ३१०. सरांनी ग्राफ पेपरवर तीन रेघा काढल्या : एक चढत जाणारी, एक मध्ये फुगलेली, एक उतरत जाणारी. एकमेकींना छेदणाऱ्या. मला तिथेच कळलं. १७० ला ६ मिनिटांत रबर शिजलं होतं. पुढची आठ मिनिटं ते नुसतं भाजत होतं, सल्फरचे बंध तुटत होते. रिव्हर्जन. मऊपणा आणि चिकटपणा त्याचा, रिक्लेमचा नव्हे.

सर ग्राफवर थांबले नाहीत. कॅल्क्युलेटरवर दोन तास लावून टेबल केलं : प्रत्येक कारणाचा एफ, म्हणजे त्याने पडलेला फरक आपोआप पडणाऱ्या फरकाच्या किती पट. तापमानाचा एफ ३.२५ आला, परिणाम आहे म्हणायला (पाच टक्के चुकीची शक्यता धरून) हवा ३.५५. वेळेचा १.००. दोन्ही नापास! म्हणजे तज्ज्ञाचं गणित चुकलं नव्हतं. १५० चा तोटा आणि १७० चा तोटा सरासरीत लपत होता. पण दोघांच्या आंतरक्रियेचा, म्हणजे एकाचा परिणाम दुसऱ्यावर अवलंबून असण्याचा, एफ १०.२५, जिथे २.९३ पुरला असता. चुकीच्या डिग्रीज ऑफ फ्रीडम (किती आकडे मोकळेपणी बदलू शकतात ती संख्या) घ्यायला नकोत म्हणून मी स्वतः पुन्हा मोजल्या : तापमानाच्या २, वेळेच्या २, आंतरक्रियेच्या ४, एररच्या (आपोआप पडणाऱ्या फरकाच्या) १८, एकूण २६.

चहा पिताना सरांनी सांगितलं की ही पद्धत मुळात शेतातली. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात संख्याशास्त्रज्ञ फिशर आणि विनिफ्रेड मॅकेंझी यांनी १९२३ साली बटाट्याच्या १२ जाती आणि खतं अशी दुहेरी मांडणी याच रीतीने तपासली. तिथे जात आणि खत यांची आंतरक्रिया सापडली नाही, प्रत्येक खताने सगळ्या जातींना साधारण सारखाच फायदा दिला. "तुमच्या रबरात ती सापडली, म्हणून तुमचं पोट वाचेल," असं ते म्हणाले.

रिपोर्ट मी स्वतः कंपनीत नेऊन दिला. एकाच बॅचचं कंपाउंड ४४० किलोही देतं आणि ३१० ही, मग भेसळ कुठली? त्यांनी ठेवून घेतला. अडकलेलं पेमेंट चार महिन्यांनी सुटलं. साचा मात्र आधीच टेंपोतून दुसऱ्या मोल्डरकडे गेला होता. माफीचं एक अक्षर आजवर आलेलं नाही.

आम्ही काकांच्या ऑर्डरवर तगलो. त्यांनी सहा महिन्यांचा माल एकदम उचलला, गरज नसताना. सरांनी फी घेतली नाही. त्यांच्या गॅलरीच्या खुर्चीचे रबरी बूट तेवढे आम्ही करून दिले. पुढची वर्षं चांगली गेली, स्वतःची जागा झाली, प्रेस सात झाले.

नव्या मुलांना एक सांगतो. आता एक्सेलमध्ये हे दोन मिनिटांत होतं. पण मेनूत 'टू-फॅक्टर विथ रेप्लिकेशन' आणि 'विदाउट रेप्लिकेशन' असे दोन पर्याय असतात; रेप्लिकेशन म्हणजे तीच जोडी पुन्हा पुन्हा घेणं. तीन नगांची सरासरी काढून नऊ आकडे दुसऱ्यात घातलेत तर आंतरक्रिया एररमध्ये विरघळते आणि कुणालाच पत्ता लागत नाही. कच्चे आकडे घाला. आधी ग्राफ काढा. रेघा छेदत असतील तर 'तापमानाचा परिणाम नाही' हे वाक्य लिहू नका, कुणाचं तरी घर चालत असतं त्यावर.

२०११ साली दुसऱ्या कामासाठी मी त्या मोल्डरच्या शेडमध्ये गेलो होतो. तो माउंट तिथे अजून चालू होता. प्रेसवर प्रोसेस शीट लॅमिनेट करून लावलेली : तापमान १६०, वेळ १० मिनिटं. आमच्या टेबलचा मधला खाना. त्यांना तो कंपनीने दिला असणार. मी काही बोललो नाही, चहा घेतला. निघताना शीट पुन्हा एकदा नीट वाचली. १६० कुठे मोजायचे, प्लेटनवर की कॅव्हिटीत, ते त्यावर लिहिलेलं नव्हतं.