दुसरी सही

ईस्टरचा, म्हणजे प्रभूच्या पुनरुत्थानाच्या आनंदाचा काळ पेंटेकॉस्टच्या सणापर्यंत 50 दिवसांचा असतो. माझा दुसऱ्याच दिवशी सकाळी अडखळला.

रविवारी क्वायरमध्ये गाऊन घसा बसलेला, सोमवारी वॉर्डात सकाळची पाळी. साडेआठच्या सुमारास अकरा नंबरच्या आजोबांना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. ग्लुकोमीटरवर साखर 52, फारच कमी. शुद्धीवर होते, नीट गिळत होते, म्हणून 15 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजलं. 15 मिनिटांनी पुन्हा तपासलं, 78. मग जीव भांड्यात पडला.

इन्सुलिन टोचून झालं होतं आणि नाश्ता आलाच नव्हता. ताट समोर आल्याशिवाय हे इन्सुलिन द्यायचं नाही, हे आम्हाला घोकून घोकून शिकवलेलं असतं. डॉक्टरांनी विचारल्यावर आमची नवी सिस्टर पटकन म्हणाली, "मदतनीस ताई म्हणाल्या, नाश्ता आलाय." ताई तिथेच उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत, फक्त माझ्याकडे बघितलं.

मी रागारागाने इन्सिडेंट रिपोर्ट लिहायला घेतला. नव्या सिस्टरचं नाव लिहिलं, वेळ टाकायला चार्ट उघडला. इन्सुलिनला आमच्याकडे दोघींच्या सह्या लागतात. दुसरीने डोस, रुग्ण, ताट स्वतः बघून सही करायची. दुसरी सही माझी होती. फोनवर बोलता बोलता केलेली.

मला कोणी विचारलंही नसतं.

योहानाच्या शुभवर्तमानात कोळशाचा विस्तव दोनदा येतो. एकदा महायाजकाच्या अंगणात, जिथे येशूला पकडलेल्या रात्री शेकत उभा असलेला त्याचा शिष्य पेत्र, तू त्याचा शिष्य ना असं विचारल्यावर, "मी नव्हे" म्हणतो. नंतर पुनरुत्थित प्रभूने समुद्रकाठी पेटवलेला. तिथे प्रभू त्याला त्या रात्रीचा जाब विचारत नाही. प्रेम आहे का, असं तीनदा विचारतो आणि तीनही वेळा मेंढरं त्याच्याच हाती सोपवतो. हा भाग मी बायबल अभ्यासात समजावून सांगितलाय, तोही अगदी हातवारे करून. आठवून कानशिलं तापली.

रिपोर्टमध्ये वर माझं नाव घातलं. मग तिला बाजूला बोलावलं.

"सिस्टर, मी घाबरले हो. तोंडातून निघून गेलं."

"मीही न बघता सही केली. तसं लिहिलंय. ताईंशी मात्र तुलाच बोलावं लागेल."

ती गेली. काय बोलल्या दोघी, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

दुपारी इन्सुलिनचा ट्रे तिने माझ्याकडे सरकवला. "आज तुम्हीच द्या."

"तू भर. मी बघते."

तिने सिरिंज डोळ्यांसमोर धरली. हात जरा कापत होता. मी आकडा मोठ्याने वाचला, मनगटावरचा पट्टा वाचला. तेवढ्यात ताईंनी आजोबांपुढे ताट ठेवलं, झाकण काढलं आणि म्हणाल्या, "आलंय. दोघींनी बघून घ्या."