सही केली होती ना?

मी काही वर्षे रिॲलिटी शोचे संकलन केले आहे, हे कळल्यावर समोरचा माणूस आधी ‘ते सगळे खरे असते का?’ असे विचारतो आणि मी घुटमळलो की लगेच दुसरा प्रश्न टाकतो : ‘ती माणसे राजीखुशीने, करारावर सही करून येतात ना? मग त्यांच्यावर अन्याय होतो असे तुम्ही कसे म्हणता?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला अजूनही थोडक्यात देता येत नाही. दुसऱ्याचे देता येते, आणि ते इथे जरा सविस्तर लिहितो.

मी काम करत असलेल्या एका कार्यक्रमात काही स्पर्धक एका घरात राहत होते. एका रात्री त्यांच्यातला एक मुलगा आपल्या वारलेल्या वडिलांबद्दल बोलता बोलता रडू लागला. ऐकणाऱ्या पाचही जणांचे चेहरे आमच्याकडे चित्रित झालेले होते आणि अशा वेळी माणसांचे चेहरे जसे असतात तसेच, म्हणजे उतरलेले होते. पण त्या भागाला एक खलनायिका हवी होती. रशेस, म्हणजे न कापलेले कच्चे चित्रीकरण, चाळताना मला चार दिवस आधीची एक जांभई सापडली. त्या पाचांपैकीच एक बाई, तोच सोफा, शर्टही जवळपास त्याच रंगाचा. दिव्यांची मांडणी बदलेपर्यंत सगळ्यांना पहाटे दोनपर्यंत ताटकळत ठेवले होते, तेव्हा तिला आलेली ती जांभई मी उचलली आणि मुलाच्या हुंदक्याला जोडली. शॉट जेमतेम दोन सेकंदांचा होता. भाग प्रसारित झाला आणि त्या बाईला निर्दय, दगडाच्या काळजाची ठरवायला लोकांना आणखी कशाची गरज पडली नाही. पुढच्याच आठवड्यात ती बाहेर पडली.

तिने सही केली होती. करारात चित्रीकरणाची काटछाट करण्याचा, क्रम बदलण्याचा, आपल्या मर्जीप्रमाणे तिला दाखवण्याचा हक्क निर्मात्यांना दिलेला होता, आणि कायद्याच्या दृष्टीने माझ्या हातून काहीच गैर घडले नव्हते. मात्र ज्या दिवशी तिने सही केली त्या दिवशी ती जांभई अस्तित्वात नव्हती, तो हुंदका नव्हता, आणि त्या दोहोंना जोडणारा मीही तिच्या गावी नव्हतो. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्ण संमती देतो तेव्हा शरीराचा कोणता भाग कापला जाणार हे त्याला सांगितलेले असते. इथे माणूस कोऱ्या कागदावर सही करतो आणि मजकूर नंतर भरला जातो.

हे तंत्र ओळखण्याची एक साधी खूण सांगून ठेवतो. एखादे झोंबणारे वाक्य ऐकू येत असताना बोलणाऱ्याचे तोंड दिसत नसेल, कॅमेरा पाठमोरा असेल किंवा ऐकणाऱ्यावर असेल, तर ते वाक्य दोनतीन ठिकाणांहून गोळा करून शिवलेले असण्याची शक्यता धरावी. टेबलावरच्या पेल्यातले पाणी अचानक वाढलेले दिसले तर खात्रीच बाळगावी की मध्ये काहीतरी कापले गेले आहे.

‘नको असेल तर सोडून जावे’ हा या प्रश्नाचाच जोडप्रश्न. १९९८ साली जपानमध्ये ‘नासुबी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका होतकरू विनोदवीराला अंगावर कपडे न ठेवता एका खोलीत ठेवण्यात आले. मासिकांतल्या सोडतींना पत्रे पाठवायची आणि बक्षिसादाखल येईल त्यावर जगायचे, बक्षिसांची किंमत दहा लाख येन झाली की सुटका. यात ३३५ दिवस गेले आणि त्यानंतर त्याला कोरियात नेऊन तोच खेळ पुन्हा सुरू करण्यात आला. मधल्या काळात तो कुत्र्याच्या खाद्यावरही जगला. आपले हाल दर आठवड्याला देशभर पाहिले जात आहेत आणि लोक पोट धरून हसत आहेत, याची त्याला कल्पना नव्हती. त्या खोलीचे दार मात्र बंद नव्हते. तो उठून जाऊ शकत होता आणि गेला नाही. पुढे त्याने स्वतःच सांगितले की बाहेर पडण्याची इच्छाशक्तीच उरली नव्हती. उघड्या दाराकडे बोट दाखवणाऱ्यांना माझे एवढेच म्हणणे आहे की दार किती उघडे आहे यापेक्षा आतला माणूस किती शिल्लक आहे हे आधी पाहावे.

कॅमेऱ्यासमोर ‘नाही’ म्हणणे किती अवघड असते, हे २०१० साली एका फ्रेंच माहितीपटाने दाखवून दिले. खोटाच गेम शो उभारून ८० जणांना बोलावण्यात आले आणि उत्तर चुकवणाऱ्या माणसाला विजेचे झटके द्यायला सांगण्यात आले. झटके खोटे होते आणि किंचाळणारा नट होता, पण ते त्या ८० जणांना ठाऊक नव्हते. निवेदिका ‘पुढे चला’ म्हणत राहिली, प्रेक्षक ओरडत राहिले, आणि ८० पैकी केवळ १६ जण मध्येच थांबले. बाकीचे शेवटच्या, ४६० व्होल्टच्या कळीपर्यंत गेले. गेम शोच्या दिव्यांखाली दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठीसुद्धा ज्यांना थांबता आले नाही, त्यांच्यासारख्याच माणसांकडून आपण स्वतःच्या अब्रूसाठी थांबण्याची अपेक्षा करतो.

आता चित्रपटांविषयी, कारण ‘मग सिनेमातल्या क्रूरपणाचे काय?’ हेही ओघाने येतेच. पडद्यावरच्या रक्ताचे मला फारसे वावडे नाही. जिवावरचे खेळ दूरचित्रवाणीवर दाखवणाऱ्या समाजाची गोष्ट सांगणारे चित्रपट गेली कित्येक दशके निघत आहेत, आणि त्यांत डझनावारी माणसे मरत असली तरी मरणाऱ्या प्रत्येक नटाने पटकथा वाचलेली असते, आपण कितव्या पानावर मरणार हे त्याला माहीत असते आणि ‘कट’ म्हटल्यावर तो उठून चहाला जातो. त्यामुळे पडद्यावर अतिशय हिंस्र दिसणाऱ्या चित्रपटाचा सेट एखाद्या गोड दिसणाऱ्या पाककला स्पर्धेपेक्षा सभ्य असू शकतो. बिघडते ते अभिनय आणि खरे हाल यांच्यातली ही भिंत पडली की. १९८० सालच्या ‘कॅनिबल होलोकॉस्ट’ या इटालियन चित्रपटात सनसनाटीसाठी हाल घडवून आणणाऱ्या माहितीपटकारांवर टीका आहे. त्यातली हिंसा इतकी हुबेहूब वठली की नटांना खरोखर मारले नाही हे दाखवण्यासाठी दिग्दर्शक रुज्जेरो देओदातो यांना त्यांना जिवंत हजर करावे लागले. नट सुखरूप होते. पडद्यावर मारलेले कासव आणि इतर प्राणी मात्र खरेच मारलेले होते. त्या प्राण्यांसाठी टीका आणि तिचा विषय यांत काही फरक राहिला नव्हता.

माझ्या मताला अडचणीत आणणारे एक उदाहरणही दिले पाहिजे. २००७ साली नेदरलँड्समध्ये एका वाहिनीने असा कार्यक्रम जाहीर केला की मरणासन्न बाई तीन रुग्णांपैकी एकाला निवडून आपले मूत्रपिंड देईल. संसदेपर्यंत ओरड झाली. अखेरच्या क्षणी उघड झाले की ती बाई अभिनेत्री होती. रुग्ण खरे होते आणि त्यांना हे नाटक आधीपासून माहीत होते. मूत्रपिंडाच्या आजाराने पाच वर्षांपूर्वी गेलेल्या त्या वाहिनीच्या संस्थापकाच्या स्मरणार्थ, अवयवदात्यांच्या तुटवड्याकडे लक्ष वेधण्यासाठी हे रचले होते. फसवणूक तीच, संकलनाची हत्यारेही तीच, फक्त यावेळी अंधारात प्रेक्षक होते आणि कॅमेऱ्यासमोरची माणसे उजेडात. अभिरुचीच्या नावाने मीही नाक मुरडले होते, परंतु अन्यायाचा आरोप मला करता आला नाही.

ब्रिटनमध्ये ‘द जेरेमी काइल शो’ हा लोकांची घरगुती भांडणे पडद्यावर आणणारा, १४ वर्षे चाललेला कार्यक्रम २०१९ साली, खोटे पकडण्याच्या यंत्राच्या चाचणीत नापास ठरवलेल्या एका सहभागी व्यक्तीच्या मृत्यूनंतर, बंद झाला. २०२१ पासून तिथल्या प्रसारण नियमांत सहभागी व्यक्तींची योग्य ती काळजी घेण्याचे बंधन आले. हे चांगलेच झाले. पण काळजी म्हणजे पुष्कळदा चित्रीकरणाआधी मानसतज्ज्ञ आणि नंतर फोन. संकलनाच्या खोलीत अजून कोणी येऊन बसत नाही. माझ्या मते, भाग प्रसारित होण्यापूर्वी सहभागी व्यक्तीला तो दाखवावा आणि ‘हे असे घडले नाही’ म्हणण्याचा हक्क द्यावा. निर्माते हसतील, हे मला माहीत आहे. मीही तेव्हा हसलो असतो.

त्या बाईचा मला वर्षभराने फोन आला होता. माझे नाव तिने श्रेयनामावलीत वाचले होते. आवाजात राग नव्हता. तिने एकच विचारले : ‘तो रडत असताना मी खरंच जांभई दिली होती का? मला आठवतच नाही, पण आता घरचेही म्हणतात की दिली होती.’ मी तिला तारीख, वेळ आणि दिव्यांची गोष्ट सांगितली. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, हे लिहून द्याल का. मी त्याच दिवशी लिहून दिले.