तुम्ही विचारलंत म्हणून : रेघ नेमकी कुठं मारायची?

लातूरला कुठल्याही लग्नात पंगत उठायच्या आत कुणीतरी मोबाईलवरचा शेअरच्या भावाचा चार्ट माझ्यापुढं धरतंच. ‘सपोर्ट इथं धरायचा का इथं?’ सपोर्ट म्हणजे पडता भाव जिथं थांबेल अशी जागा. परवा भाच्यानं दाखवलेल्या चार्टवर मी आडव्या रेघा मोजल्या. चौदा! एवढ्या मारल्यावर भाव कुठंही थांबला तरी एक रेघ बरोबर ठरणारच.

विचारलंत म्हणून सांगतो, पण आधी सोयाबीनचं.

२०२१च्या ऑगस्टमध्ये आमच्या बाजार समितीत सोयाबीन क्विंटलला दहा हजारांवर गेलं. नवा माल येईस्तोवर भाव निम्म्यावर. पण दहा हजार डोळ्यांनी बघितलेल्या माणसाला पाच हजारांना पोतं सोडवेना. आमच्याही घरात थप्पी लागली. ‘जरा वर येऊ दे, मग काढू’ असं वडील म्हणायचे, आणि गल्लीतला प्रत्येक जण हेच म्हणायचा. त्यामुळं भाव थोडा चढला की सगळ्यांच्या थप्प्या एकदम हलायच्या, आडतीपुढं टेंपोंची रांग लागायची आणि चढलेला भाव तिथंच बसायचा. रेझिस्टन्स म्हणतात तो हाच. शेअरमध्ये वरच्या भावात अडकलेला माणूसही ‘मुद्दल सुटलं की निघतो’ म्हणूनच बसलेला असतो.

‘मग हमीभाव म्हणजे सपोर्ट ना?’ हा प्रश्न ठरलेला. २०२४-२५च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता. त्या दिवाळीत सौदे मात्र चार-सव्वाचार हजारांच्या आसपास होत होते. सरकारी खरेदीला आधी १२ टक्के ओलाव्याची अट होती, ती १५ होईपर्यंत नड असलेल्यानं माल आडतीवर घालून टाकला होता. भाव जाहीर होता, पण त्या भावानं आपलं पोतं उचलणारा समोर नव्हता. चार्टवरची रेघही तशीच. ती काही माल घेत नाही. तिथं पैसे घेऊन माणसं उभी असतील तरच सपोर्ट, नाहीतर नुसती रेघ.

निफ्टीत, म्हणजे पन्नास मोठ्या शेअरच्या निर्देशांकात, हे बघायचं तर १ डिसेंबर २०२२ शोधा. त्या दिवशी १८,८८७ला टेकून तो फिरला आणि मार्चमध्ये १७,०००च्याही खाली गेला. पुढच्या जूनअखेरीस ती पातळी मोडली, सप्टेंबरमध्ये २०,२२२ झाले. मग घसरण लागली, ती २६ ऑक्टोबर २०२३ला १८,८३८च्या आसपास थांबली आणि तिथून बाजार वर गेला. जिथं विकणारे उभे होते तिथंच आता घेणारे उभे राहिले. आधीच्या खेपेला घ्यायचं राहून गेलेले, घाईनं विकून हळहळलेले, सगळे त्याच आकड्याची वाट बघत होते. पण एक बघा, भाव रेघेवर थांबला नाही, पन्नासेक अंक खाली जाऊन थांबला. म्हणून मी एका आकड्यावर रेघ न मारता थोडा रुंद पट्टा धरतो.

हे मला फुकट कळलेलं नाही. सुरुवातीला ४१२वर रेघ मारून ४१२लाच शेअर घेतला आणि ४११ला स्टॉपलॉस लावला, म्हणजे भाव तिथवर पडला की शेअर आपोआप विकायचा. भाव ४०९ला गेला, माझा माल काढून घेतला आणि आठवड्याभरात ४४० झाला. शेअरबाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समधले, म्हणजे पुढच्या तारखेच्या भावावर सौदे करणारे, १०० पैकी ९३ वैयक्तिक ट्रेडर तोट्यात निघाले. रेघा त्यांनीही मारल्याच असतील.

‘जितक्या वेळा भाव टेकला तितका सपोर्ट पक्का’ असंही सांगतात. मला हे पटत नाही. दर खेपेला घेणाऱ्याचा खिसा थोडा रिकामा होतोच की. चौथ्या-पाचव्यांदा भाव तिथं आला की मी लांबून बघतो.

भाच्याच्या चौदापैकी अकरा रेघा मी त्याच्याच हातानं पुसायला लावल्या आणि उरलेल्या तीन चांगल्या बोटभर जाड केल्या. त्याला काही ते रुचलं नाही. म्हणाला, ‘मामा, चार्ट लई घाण दिसायलाय.’