तुम्ही विचारलंत म्हणून : तो जाहिरातीत का गेला?

माझा मित्र वारल्यापासून अंबाजोगाईत जो भेटतो तो हेच विचारतो, की विद्यापीठात कवी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माणसाने मुंबईला जाऊन जाहिरातींत आयुष्य का घालवले, आणि मराठीचा प्राध्यापक असून मी त्याला अडवले का नाही.

अडवले होते, वर्षानुवर्षे. घरची ओढगस्त हे कारण मी सांगत आलो. ते खरे आहे, पण पुरेसे नाही. १९७८ च्या जुलैमध्ये विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा, नामांतराचा, ठराव केला तेव्हा आम्ही औरंगाबादला एम.ए. करत होतो. त्या ठरावानंतर दलितांच्या वस्त्या जाळल्या गेल्या, आणि नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. मोजक्या शब्दांसाठी काय काय होऊ शकते हे त्याने तिथे पाहिले. मुंबईत मराठी मजकूर म्हणजे इंग्रजी जाहिरातीतल्या उरलेल्या जागेत बसवलेला अनुवाद. त्याविरुद्ध तो भांडत राहिला, आणि एजन्सीत मोठा अधिकारी झाल्यावरही मराठी ओळ स्वतः तपासल्याशिवाय सोडत नसे.

मला सांगायचे आहे ते किल्लारीचे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणपती विसर्जन आटोपून गावे झोपलेली असताना, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. चौथ्या दिवशी तो लातूरला आला. आमच्या मदत समितीचे आवाहन मी लिहिले होते : 'निसर्गाच्या प्रकोपापुढे हतबल झालेल्या बांधवांसाठी' असे सुरू होणारे अर्धे पान. ते सगळे लाल पेनाने खोडून त्याने खाली लिहिले, "भांडी हवीत. ताडपत्र्या हव्यात. जुने कपडे पाठवू नका." मी दहा माणसांदेखत म्हणालो, "इथे माणसे मेली आहेत. साबण विकायला आलेला नाहीस तू." त्याने पेनाला टोपण लावले. "वाचणाऱ्याला काय पाठवायचे ते कळले पाहिजे रे," एवढेच तो म्हणाला.

छापले गेले माझेच आवाहन. आठवडाभरात जुन्या कपड्यांचे गठ्ठे येऊन पडले, पावसात भिजून त्यांना कुबट वास सुटला, आणि ते उपसायला तोच गुडघाभर कपड्यांत उभा राहिला. हुक तुटलेली एक चोळी त्याने नीट घडी करून बाजूला ठेवली. माझ्याकडे पाहिले नाही. पुढे आम्ही दोघेही त्याविषयी कधी बोललो नाही.

दुःखाविषयी लिहिताना भाषेने त्याचा मान राखला पाहिजे, असे तेव्हा मला वाटत होते, आणि ते सर्वस्वी चूक होते असे आजही म्हणवत नाही. त्याने कविता सोडायला नको होती, हेही माझे मत कायम आहे. लाल पेनाचा तो कागद मी जपून ठेवला आहे. शोकसभेत वाचून दाखवावा म्हणून खिशात घालून नेला होता. पण उभा राहिलो तेव्हा त्याच्या विद्यार्थिदशेतल्या कवितांवरच बोललो.