दुखणं डोळ्याचं, दोषी दाढ

आज सकाळी मामांचा उजवा डोळा टम्म सुजलेला. मामी म्हणाली, रांजणवाडी असेल, शेक दे. रांजणवाडी कसली! पापणी उघडेना, डोळा फिरवला की कळ, वर ताप. नौपाड्यातून रिक्षा केली. गोखले रोडच्या ट्रॅफिकबद्दल बोलतच नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी लगेच दाखल करून घेतलं आणि सीटी स्कॅन काढायला लावला. रेडिऑलॉजिस्ट मॅडमनी स्क्रीनवर बोट खालून वर नेत दाखवलं: वरच्या दाढेच्या मुळाशी हाड झिजून पडलेला काळा डाग, त्याच्यावर गालातलं सायनस, म्हणजे हाडातली हवेची पोकळी. हवेमुळे ते काळं दिसायला हवं, तर पूर्ण करडं. फक्त उजवीकडचं. "एकाच बाजूचं भरलेलं दिसलं की मी आधी दात बघते," म्हणाल्या. सायनसचं छत तोच डोळ्याच्या खोबणीचा तळ, आणि ते हाड एक मिलिमीटरपेक्षाही पातळ! दाढेतला संसर्ग सायनसमधून तसाच वर डोळ्याकडे चढलेला. खोबणीत पू साठलेला नाही, नजर शाबूत आहे. हुश्श.

शिरेतून अँटिबायोटिक्स चालू झालीत, दाढ उद्या काढणार.

आणि मामा? दिवाळीपासून दाढेखाली लवंग धरून बसले होते. "अरे, दुखायची थांबली होती ना," म्हणे. थांबणारच, आतली नस मेली होती!