आमची वाटचाल : आधी काटा, मग हेलिकॉप्टर

इंदूरच्या जेल रोडवरच्या आमच्या ट्रॅव्हल्सच्या दुकानात शिरताना पहिली ठेच लागते ती काट्याची. ट्रॅव्हल्सच्या दुकानात लोकांना विमानाचं मॉडेल किंवा आयफेल टॉवरचं कॅलेंडर बघायची सवय असते. आमच्याकडे धान्य मोजायचा लोखंडी प्लॅटफॉर्म काटा आहे. वडील छावणीच्या धान्यमंडीत मुनीम होते. शेटजींनी पेढी मिटवली तेव्हा थकलेल्या तीन पगारांच्या बदल्यात हा काटा घरी आला आणि पंधरा वर्षं जिन्याखाली पडून राहिला. पितळी दांडी, तिच्यावरच्या खाचा, सरकता गोळा. महिन्यातून एकदा मी स्वतः सांध्यांत शिलाई मशीनचं तेल घालतो. शेजारी मुलाने आणलेला इलेक्ट्रॉनिक काटाही आहे, वजनमापवाल्यांच्या शिक्क्याचा. दोघांत अर्ध्या किलोचा फरक आला तर मी वडिलांचा काटा खरा धरतो. मुलगा हसतो. हसू दे.

हा काटा दुकानात कसा आला, ते सांगण्यासाठीच हे लिहायला घेतलं आहे.

१९९८ मध्ये सरवटे बसस्थानकाजवळ एका टेबलावर धंदा सुरू केला. भाड्याची मॅटॅडोर, रविवारी ओंकारेश्वर-महेश्वर. मग त्र्यंबकेश्वर, वणी, शिर्डी. रामबागेतली, नारायणबागेतली आपली मराठी मंडळी हीच आमची गिऱ्हाइकं. मुंबई-आग्रा रस्ता तेव्हा कसा होता हे ज्यांनी मानपूरच्या घाटात रात्र काढली त्यांनाच ठाऊक. खलघाटचा पूल, सेंधवा, बिजासन, शिरपूर, धुळं, मालेगाव, चांदवड, आणि पिंपळगाव बसवंत आलं की बायका गाडी थांबवायला लावायच्या. रस्त्याकडेला द्राक्षांच्या पाट्या असायच्या. आमचा वाइनशी संबंध आला तो तिथून.

ड्रायव्हर निफाडचा होता. त्यानेच २००६ साली सांगितलं, "शेठ, गंगापूर धरणाच्या अंगाला वाइनचे मळे झालेत, लोक तिकीट काढून बघतात." तिथल्या सुला या वाइन कंपनीची पहिली बाटली २००० सालची, म्हणजे सगळं तसं नवंच होतं. मी देवदर्शनाच्या टूरमध्ये दुपारचे दोन तास घातले. पहिल्याच फेरीत रामबागेतल्या काकूंनी मला फैलावर घेतलं. "देवाला म्हणून आणलंस आणि दारूच्या भट्टीवर उतरवलंस?" काकू मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या, खणखणीत आवाजाच्या. वाइन त्यांनी आजवर ओठाला लावलेली नाही. पण त्या दुपारी मळ्यातल्या माणसाला गाठून त्यांनी अर्धा तास वर्ग घेतला. एका वेलीची वर्षातून दोनदा छाटणी का? एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी, का? तो म्हणाला, आपल्याकडे वेलीला झोपवणारी थंडी पडत नाही, म्हणून कात्रीनेच तिला उठवावं नि बसवावं लागतं. काकूंनी ते वहीत लिहून घेतलं. पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःहून अकरा जणी गोळा करून आणल्या. त्यानंतर आमची एकही नवी टूर काकूंशिवाय निघालेली नाही.

पुढची आठ-नऊ वर्षं बरी गेली. दुकान घेतलं, टेम्पो ट्रॅव्हलर घेतली, मुलीचं लग्न झालं.

आता भागीदाराविषयी. नाव लिहीत नाही, इंदुरात सगळ्यांना माहीत आहे. माणूस हुशार, इंग्रजी फाडफाड. ऑस्ट्रेलियाची कल्पना त्याचीच, हे कबूल करतो. आपल्या मंडळींची मुलं मेलबर्नला स्थायिक होऊ लागली होती. आईवडील तीन महिने जायचे, नातवंडं सांभाळायचे आणि कांगारू बघून परत यायचे. तो म्हणाला, यांना यारा व्हॅली दाखवू, तिकडचे वाइनचे मळे, वरून, हेलिकॉप्टरमधून. मेलबर्नपासून गाडीने तासाभराचा रस्ता. कोल्डस्ट्रीमचं छोटं विमानतळ, तिथून बारा मिनिटांची चक्कर.

बारा मिनिटांसाठी एवढे पैसे? हा प्रश्न मला रोज विचारतात. जमिनीवरून द्राक्षाचा मळा म्हणजे तारा, खांब आणि पानं. नाशिकला निदान ओळींत शिरून घड हातात घेता येतो. याराला तेही नाही. २००६ साली तिथे फायलोक्सेरा सापडली, मुळं खाणारी बारीकशी कीड, बुटाच्या मातीतूनसुद्धा पसरते. म्हणून अनोळखी माणसाला ओळींत पाय ठेवू देत नाहीत. तिकडच्या पुष्कळ वेली कलम न करता स्वतःच्याच मुळांवर उभ्या आहेत, त्यामुळे धास्ती मोठी. आपले नाशिकवाले डॉगरिज नावाच्या जंगली द्राक्षाच्या खुंटावर, म्हणजे मुळांवर, कलम करतात, असं मी तिथल्या एकाला सांगितलं तर त्याने माझ्याशी हात मिळवला.

वर गेलं की मात्र मळ्याचा अर्थ लागतो. तिथे सूर्य उत्तरेकडून फिरतो, म्हणून उत्तरेच्या उतारावर ऊन जास्त. कोणता उतार वेलींना दिला आणि कोणता गायींना, हे वरून लगेच कळतं. नदी इतक्या वेळा वळते की तीच नदी तीनदा ओलांडली असं वाटतं. मार्चमध्ये पीक उतरायला आलेलं असतं, पाखरांपासून वाचवायला ओळींवर पांढऱ्या जाळ्या टाकलेल्या असतात. काकू म्हणाल्या होत्या, "महेश्वरी साडीची चटई किनार." एका बाजूला डोंगरांवर काळंभोर जंगल, दुसरीकडे लांब मेलबर्नच्या इमारती काड्यांसारख्या. १८३८ मध्ये तिथे पहिली वेल लागली. खाली उभं राहून हे ऐकलं तर लोक जांभया देतात, वरून पाहिल्यावर तेच विचारतात.

तर मार्च २०१७. पहिला ग्रुप, चौदा जण. हेलिकॉप्टर रॉबिन्सन आर-४४, पायलट धरून चार माणसांचं. हिशेब सोपा, तीन-तीनच्या पाच फेऱ्या. तिकडच्या कंपनीने महिनाभर आधी प्रत्येकाचं वजन मागवलं होतं. मी भागीदाराला म्हणालो, दुकानात बोलावून मोजू. तो म्हणाला, "बायकांना काट्यावर उभं करणार? उद्यापासून कोणी येणार नाही. फोनवर विचारतो." विचारलं. सगळ्यांनी सांगितलं. साठ, बासष्ट, सत्तर. एका काकांनी तर त्यांच्या लग्नाच्या वेळचं सांगितलं असावं.

कोल्डस्ट्रीमला पायलट मुलगी होती, असेल सत्तावीस-अठ्ठावीसची. तिने हसतहसत पायाशी काटा ठेवला. जॅकेट, पर्स, बूट, सगळ्यासकट. बासष्टचे एक्याऐंशी निघाले, सत्तरचे शहाण्णव. ती कागदावर बेरीज करत गेली आणि तिचं हसू कमी होत गेलं. ज्यांना मशीन माहीत आहे त्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. या मॉडेलमध्ये मशीन, इंधन, माणसं मिळून ११३४ किलोच्या वर उडायचंच नाही. रिकामं मशीनच पावणेसातशेच्या आसपास. टाकी भरलेली, कारण तिला पाच फेऱ्या सलग करायच्या होत्या. पायलट स्वतः. उरलं किती? शिवाय नुसती बेरीज जमून भागत नाही, पुढे कोण, मागे कोण, डावीकडे किती, उजवीकडे किती, सगळा तोल बसावा लागतो. तिने सांगितलं, दोन-दोनच जण. म्हणजे सात फेऱ्या.

चार फेऱ्या झाल्या. आठ जण खाली उतरून एकमेकांना फोटो दाखवत होते, तेवढ्यात डोंगरावरून ढग उतरले. ही उड्डाणं डोळ्यांनी बघून करायची असतात. ढग खाली आला की विषय संपला. मेलबर्नच्या हवेला लोक एका दिवसात चार ऋतू म्हणतात, त्यातला नको तो ऋतू आमच्या वाट्याला आला. आम्ही दोन तास थांबलो. सहा जण राहिले. त्यांत काकू होत्या. खरं म्हणजे त्यांचा नंबर दुसऱ्याच फेरीत होता, पण एका नवपरिणीत जोडप्याला एकत्र जाता यावं म्हणून त्या मागे सरकल्या होत्या.

हॉटेलवर त्या रात्री जे झालं ते लिहीत नाही. राहिलेल्यांपैकी दोघांनी मला खोटारडा म्हटलं, आणि त्यांनीच वजनं खोटी सांगितली होती. पण ते मी तेव्हा बोललो नाही, आज बोलतो.

इंदूरला परत आलो तोवर गोष्ट आमच्या आधी पोचली होती. पोह्यांच्या गाडीवर एकाने मला हसत विचारलं, "भिया, तुमच्या हेलिकॉप्टरला धक्का मारावा लागतो म्हणे?" चौदाही जणांचे चकरेचे पैसे परत केले, ज्यांनी चक्कर मारली त्यांचेसुद्धा. भागीदाराला ते पटलं नाही. पुढच्या दोन ग्रुपचे मिळून बावीस जण होते, सतरा गळाले. विमान कंपनीकडे भरलेला ॲडव्हान्स अडकला. टेम्पो ट्रॅव्हलर विकली. बायकोच्या पाटल्या सराफ्यात गहाण पडल्या, आणि सराफ माझ्या वर्गातला निघाला, ते जास्त लागलं. जूनमध्ये भागीदार म्हणाला, मी वेगळा होतो. झाला. गिऱ्हाइकांची डायरी घेऊन गेला. दिवाळीच्या आत दोन चौक सोडून त्याची पाटी लागली. जाहिरातीतला फोटो आमच्या ग्रुपचा होता, मी काढलेला. कोपऱ्यात माझ्या बुटाचं टोक दिसतं. कोणालाही दाखवायला तयार आहे.

परत दिलेले पैसे न घेणारी एकच व्यक्ती, काकू. पाकीट घेऊन घरी गेलो तर त्यांनी चहा दिला, पाकीट तसंच माझ्यासमोर सरकवलं आणि म्हणाल्या, "हे तुझ्याकडेच राहू दे. पुढच्या वेळी मला वर ने. आणि काय रे, तुमच्या घरी वडिलांचा काटा होता ना?"

तोच हा काटा. जिन्याखालून काढला, गंज घासला, दुकानाच्या दारात आणून ठेवला. पहिल्या दिवशी कोणी चढेना. काकू आल्या, चपलांसकट, पर्स खांद्याला, हातात भाजीची पिशवी. गोळा सरकवला. त्यांनी मोठ्याने वाचलं, "ब्याण्णव! लिही." दुकानात सात माणसं होती. त्यानंतर कोणाला लाज वाटायचं कारण उरलं नाही. २०१९ च्या मार्चमध्ये नऊ जण गेले, नऊच्या नऊ वर जाऊन आले. काकू पुढच्या सीटवर.

कोरोनाबद्दल सगळ्यांनी लिहिलं आहे. ऑस्ट्रेलियाची दारं मार्च २०२० मध्ये बंद झाली आणि पर्यटकांना २०२२ च्या फेब्रुवारीत उघडली. मधल्या काळात आम्ही घरोघरी किराणा पोचवला. काटा तेव्हाही कामी आला.

कोणी विचारलेलं नाही, तरी चार गोष्टी सांगतो, आमच्याकडून जा की दुसऱ्याकडून. सकाळची वेळ घ्या. चक्कर आधी, वाइन नंतर. प्यायलेल्या माणसाला पायलट घेणार नाही, आणि त्यात त्याचं चुकत नाही. गडद रंगाचे कपडे घाला, पांढरा शर्ट काचेत उमटतो आणि फोटोत मळ्याऐवजी तुमचं पोट येतं. साडी असेल तर पदर घट्ट खोचा, ओढणी पिशवीत, टोपी गाडीत. पंखा फिरत असताना मशीनकडे पायलटला दिसेल असं पुढून जायचं, शेपटीकडे कधीही नाही. मोबाईलमधून बघत बसलात तर मळमळेल, लांब डोंगराकडे बघा. आणि सेव, लोणचं, पापड नेत असाल तर विमानतळावरच्या फॉर्मवर खरं लिहा. लपवलेलं लोणचं ओळखणारे कुत्रे आहेत तिकडे. इंदूरच्या माणसाला पोह्यांवरचा जीरावन मसाला सोडवत नाही, ठाऊक आहे, पण लिहा.

भागीदाराच्या पाटीवर आता मोठ्या अक्षरांत आहे, "वजनाची अट नाही". अट पाटीवर नसली म्हणजे मशीनला नसते का? तिकडच्या पायलटने काय करायचं, मध्ये उतरवायचं? बरं, मी बोललो की जळतो म्हणतात.

गेल्या महिन्यात संध्याकाळी दुकान बंद करताना एक जोडपं आलं. ओळखीचं नव्हतं. बाई दारातच थांबल्या. गृहस्थ जरा घुटमळले, मग म्हणाले, "बुकिंग दुसरीकडे केलंय. फक्त वजन करायचं होतं. किती घ्याल?"

मी शटर पुन्हा अर्धं वर केलं. ते बूट काढायला लागले.

"बूट राहू द्या," म्हटलं, "आणि जॅकेट नेणार असाल तेही घाला."

एकशे तीन भरले. बाईंचे चौऱ्याऐंशी. कागदावर लिहून दिलं, खाली दुकानाचा शिक्का मारला.