स्टॉकहोममध्ये राहायचं कुठे?

कोथरूडच्या घरी स्टॉकहोमचा नकाशा पसरून आम्ही तीन रात्री बसलो. शहर 14 बेटांवर वसलेलं, त्यामुळे ‘मध्यवर्ती’ म्हणजे नक्की कुठे, इथूनच वाद. मला गाम्ला स्तान हवं होतं, तिथलं जुनं शहर. पण ते दगडी, चढउताराचे बोळ आणि आईचे गुडघे! शेवटी सॉडरमाल्म बेटावर मेडबोर्गारप्लात्सेन मेट्रोजवळ स्वयंपाकघर असलेली जागा घेतली. जुनं शहर तिथून दुसरंच स्टेशन. लिफ्ट आहे ना, हे मी दोनदा विचारून घेतलं होतं.

जूनमध्ये रात्री दहालाही लख्ख उजेड. आई खिडकीपाशी बसून मुगाची खिचडी खायची, वर घरचं मेतकूट. पुन्हा गेलो तर तिथेच उतरू, फक्त जाड पडद्यांची खात्री आधी करू.